नऊ एकरांची कपाशी तीन एकरांवर आली : पेरा कमी होण्याचे खरे कारण कोणते?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. उमरखेड तालुक्यात आमची अकरा एकर शेती आहे. जमीन काळी असून विहिरीचे पाणी जेमतेम तीन एकरांना पुरते. २०१७ सालापर्यंत यातील नऊ एकरांत कपाशी असे, या (२०२५ च्या) खरिपात ती तीनच एकर होती आणि तिचीही शेवटची वेचणी अजून राहिली आहे. पेरा का कमी केला, असे कोणी विचारले की मी आजवर "भाव नाही" एवढेच सांगत आलो. परवा जुन्या वह्या घेऊन बसलो, तेव्हा हे उत्तर अर्धेच खरे असल्याचे लक्षात आले. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आणि तरीही पुढच्या खरिपात मी केवळ एकच एकर वाढवले. भाव हेच कारण असते, तर मी सगळे रान पुन्हा कपाशीखाली आणले असते.

वहीत मला जे सापडले ते असे. २०११-१२ मध्ये वेचणीचा दर किलोला ४ रुपये होता आणि कापूस क्विंटलला ४,००० रुपयांनी गेला, म्हणजे आलेल्या पैशातील दहावा हिस्सा वेचणीला गेला. यंदा पहिल्या वेच्याला १० रुपये, दुसऱ्याला १२ रुपये दिले आणि आता राहिलेल्या फुटीसाठी १५ रुपये मागतात. दुसऱ्या गावाहून बाया आणायच्या तर ऑटोचे भाडे वेगळे. सरासरी १२ रुपये धरली तर क्विंटलमागे १,२०० रुपये होतात आणि माझा कापूस गेला ७,००० रुपयांनी. हा सहावा हिस्सा झाला. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदणी हे सगळे होऊन पीक तयार झाल्यानंतरचा हा खर्च आहे. दर एकवेळ परवडला असता, पण पैसे मोजूनही हव्या त्या दिवशी माणूस मिळत नाही, आणि बोंडे फुटलेली असताना परतीचा पाऊस आला की पांढरा कापूस दोन दिवसांत कवडी, म्हणजे डागाळलेला हलका माल, होतो.

दुसरी गोष्ट काळाची आहे. कपाशी जूनपासून जानेवारीपर्यंत रान अडवून ठेवते. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते आणि त्याच रानात हरभरा पेरता येतो. आपण मात्र बोलताना एका एकरातील कपाशीची तुलना एका एकरातील सोयाबीनशी करतो. ती सोयाबीन आणि हरभरा अशी दोन्ही पिके मिळून करायला हवी.

म्हणून विचारतो : ज्यांनी पेरा कमी केला आहे, त्यांनी "भाव नाही" हे उत्तर क्षणभर बाजूला ठेवून आपले कारण लिहावे.

तापीखोरे

दादा, भाव बाजूला ठेवा असे आपण म्हणता, पण माझ्या बाबतीत तो ठेवता येत नाही. फक्त तो किती मिळाला यापेक्षा केव्हा मिळाला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आम्ही चोपडा तालुक्यातील. ठिबकावर मे महिन्याच्या अखेरीस कपाशी लावण्याची आमची जुनी रीत होती. आपण सांगितलेल्या तेजीनंतर, २०२२-२३ मध्ये, हंगामाच्या आरंभी नऊ हजारांच्या आसपास भाव होता. आदल्या वर्षीची तेजी सर्वांनी पाहिली असल्याने कोणी कापूस विकला नाही. आमच्या गावात निम्म्या घरांच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. मे महिन्यापर्यंत लोक वाट पाहत राहिले, घरातील लहान मुलांच्या अंगाला खाज सुटू लागली, वजनात घट आली, आणि शेवटी सात हजार ते साडेसात हजारांच्या दराने तोच कापूस खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या, व्यापाऱ्याला द्यावा लागला. बियाण्याची पाकिटे घेण्यासाठी पैसे तर हवेच होते. पेरा कमी करण्याचा निर्णय आमच्याकडे अनेकांनी त्या उन्हाळ्यात घेतला.

आयातशुल्काचेही असेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क लागले. २०२२ मध्ये भाव चढल्यावर एप्रिल ते ऑक्टोबर ते उठवले गेले आणि यंदा, २०२५ मध्ये, १९ ऑगस्टपासून पुन्हा उठवून त्याची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. पोळा तीन-चार दिवसांवर असताना ही बातमी आली. कापूस शेतात असताना, म्हणजे शेतकऱ्याला पीक बदलण्याची सोय उरलेली नसताना, नियम बदलतो. सूतगिरण्यांना कापूस स्वस्त हवा हे मला समजते, परंतु हा नियम जूनपूर्वी कळला असता तर मी पेरणीच त्या हिशेबाने केली असती.

आता माझ्याकडे पाण्याखाली केळी आणि उरलेल्या रानात मका आहे. इथेनॉलमुळे मक्याला मागणी वाढेल या भरवशावर यंदा अनेकांनी मका लावला. हमीभाव २,४०० रुपये असताना बाजारात तो त्याच्या बराच खाली विकला गेला. तेव्हा कपाशी सोडून सुखी झालो असे मी म्हणणार नाही. एवढेच, की मक्याचे कणीस वेचायला अंगणात माणसांची रांग लावावी लागत नाही.

सरकी_रुई

मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, बावीस वर्षे हिशेबाचे काम केले आहे. शेतकऱ्यांना जिनवाला लुटतो असे वाटते, म्हणून कापसाचा भाव कसा निघतो ते एकदा मांडून दाखवतो.

एक क्विंटल कापसातून साधारण ३५ किलो रुई (तंतू) आणि ६३ किलो सरकी (बी) निघते, बाकी घट आणि कचरा. रुईचा भाव खंडीवर असतो आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. खंडी ५३,००० रुपये धरली तर रुई किलोला सुमारे १४९ रुपये पडते, म्हणजे ३५ किलोचे ५,२१० रुपये झाले. सरकी किलोला ३३ रुपये धरली तर तिचे २,०८० रुपये. एकूण ७,२९० रुपये झाले आणि त्यातून जिनिंग, प्रेसिंग, गाडीभाडे आणि व्याज वजा करायचे आहे. असे असताना खासगी जिन यंदाचा (२०२५-२६) ८,११० रुपयांचा हमीभाव कोठून देणार? मे २०२२ मध्ये खंडी लाखाच्या पुढे गेली होती, तेव्हा याच हिशेबाने शेतकऱ्याला बारा हजारही मिळाले होते.

हमीभावाने घेणारा उरतो तो सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ), आणि तिथे ओलाव्याची अट आहे. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. दिवाळीच्या सुमारास आलेला पहिल्या वेच्याचा कापूस बहुधा याच अटीत अडकतो आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्याला पैशाची निकड असते. ज्याच्याकडे कापूस वाळवायला जागा आणि महिनाभर थांबायची ताकद आहे, त्याला हमीभाव मिळतो. लहान शेतकऱ्याचा कापूस त्याआधीच खेडा खरेदीत गेलेला असतो. आमच्या आवारात पूर्वी मार्चपर्यंत गाड्यांची रांग असे. आता संक्रांतीनंतर यंत्रे आठवड्यातून काही दिवसच चालतात.

खडकाळ_रान

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे असे मला वाटते. पैनगंगाकाठ यांची जमीन काळी आणि भारी आहे. माझी मुरमाड आहे, विहीर नाही आणि शिवेला जंगल लागलेले आहे. मीही दोन वर्षे त्यांच्यासारखाच विचार केला आणि सहा एकर सोयाबीन पेरले. पहिल्या वर्षी शेंगा भरण्याच्या वेळी ऑगस्टमध्ये वीस दिवस पावसाचा खंड पडला आणि पीक जागेवर करपले. दुसऱ्या वर्षी पीक बरे होते, पण रोही आणि रानडुकरे यांनी रात्रीतून अर्धे रान तुडवले. कपाशीचे मूळ खोल जाते, पाऊस लांबला तर ती थांबते आणि पाऊस आला की पुन्हा पाते (कळ्या) धरते. सोयाबीनला अशी दुसरी संधी नसते.

शिवाय सोयाबीनचा हमीभाव यंदा ५,३२८ रुपये असताना बाजारात ते चार ते साडेचार हजारांत गेले, हे कोणी लिहिले नाही. एकरी पाच पोती झाली तर सोंगणी आणि मळणी देऊन हाती काय उरते, याचा हिशेब वहीत असेल तर तोही मांडावा. हरभरा मिळतो हे खरे, पण तो ज्याच्या जमिनीत ओल टिकते त्याला. माझ्या मुरमात दसऱ्यानंतर ओल नसते.

त्यामुळे माझ्यासारखे लोक कपाशी आवडीने ठेवत नाहीत, त्यांना दुसरे पीक साधत नाही म्हणून ठेवतात. पेरा कमी होतो तो भारी जमिनीवर आणि पाण्याखाली, म्हणजे जिथे कपाशीचे उत्पादन चांगले येत होते नेमक्या त्याच रानातून. राहते ती हलक्या रानातील कपाशी. मग राज्याचे सरासरी उत्पादन कमी दिसले, तर दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला देऊ नये.

किडींचा_माग

खडकाळ_रान यांचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. माझे शिक्षण कीटकशास्त्रातील असल्याने मी गुलाबी बोंडअळीपुरते लिहितो, कारण पैनगंगाकाठ यांनी दिलेले २०१७ हे वर्ष योगायोगाने आलेले नाही.

बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या, कपाशीला आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. हिरव्या बोंडअळीविरुद्ध ते आजही बऱ्यापैकी काम करते. गुलाबी अळीने मात्र आधी गुजरातमध्ये आणि २०१७ पर्यंत आपल्याकडेही दोन्ही जनुकांना दाद देणे बंद केले. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. ती लहान असतानाच बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते आणि आतील सरकी खात राहते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, फवारणी आत पोहोचत नाही आणि नुकसान कळते ते बोंड अर्धवट फुटून किडकी कवडी हाती आल्यावर. फुलाच्या पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दिसते ती पहिली खूण. कामगंध सापळ्यात (यात गंधाने नर पतंग ओढले जातात) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली असे समजावे. हे सर्व कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात गावातील एकाने जरी फरदड, म्हणजे हंगामानंतरचे जादा पीक, घेऊन कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवली, तरी सगळ्या शिवाराला पुढच्या वर्षीची अळी मिळते. मे महिन्यात ठिबकावर लावलेली कपाशीही तिला लवकर फुले पुरवते. तापीखोरे यांनी राग मानू नये.

बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे साध्या कपाशीचे पाकीट येत असे, अळीत बीटीला प्रतिकार वाढू नये म्हणून ते भोवताली लावायचे होते. आम्हा सर्वांच्या बांधावर ते फेकलेले सापडत असे. माझ्या वडिलांनीही फेकले आणि मी कृषी महाविद्यालयात शिकत असूनही त्यांना अडवले नाही.

२००६ नंतर बोंडअळीविरुद्ध नव्या पिढीचे बियाणे अधिकृतपणे बाजारात आलेले नाही, आणि पाकिटाची किंमत मात्र २०२० मधील ७३० रुपयांवरून यंदा, २०२५ मध्ये, ९०१ रुपयांवर गेली. दुसरीकडे, तणनाशक सहन करणारे अनधिकृत बियाणे चोरून विकत घेतले जाते. निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी कायद्याचा धोका पत्करतो, यावरून मजुरीचा प्रश्न वेचणीच्या कितीतरी आधी सुरू होतो हे दिसते.

२०१७ च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली होती आणि फवारा अंगावर येत होता. आमच्या भागात फवारणीला जाणारी कित्येक तरुण मुले त्यानंतर पुन्हा त्या कामाला गेली नाहीत. पेऱ्याच्या आकड्यांत ही गोष्ट दिसत नाही.

वेचणारीची_लेक

मी आता शिक्षिका आहे, पण माझ्या आईने पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला आणि सुट्टीच्या दिवशी मीही तिच्यासोबत वेचला आहे. मजूर मिळत नाही हे वाक्य मी या धाग्यात पुन्हा पुन्हा वाचले, म्हणून लिहीत आहे.

पहिल्या वेच्याला बोंड टपोरे असते, तेव्हा सरावाची बाई दिवसाला चाळीस किलो वेचते. शेवटच्या वेच्याला, झाड वाळून बोंडाच्या काट्यांनी बोटे सोलत असताना, पंधरा-वीस किलोच होते. दर किलोवर असल्याने १० रुपयांच्या वेळी तिला ४०० रुपये मिळतात आणि आपण महाग म्हणता त्या १५ रुपयांच्या वेळी २२५ ते ३०० रुपये मिळतात. म्हणजे दर वाढला तरी तिची मजुरी घटलेली असते. सकाळच्या दवात वेचलेला कापूस ओला भरतो म्हणून मालक दहा वाजता या म्हणतात आणि सायंकाळी काट्यावर "कचरा फार आहे" म्हणून किलोभर कापतात. कमरेला बांधलेली ओटी भरत आली की वाकून चालणे किती जड जाते, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. माझ्या आईची कंबर पन्नाशीत गेली. तिच्या तीन मुलींपैकी एकही आज कापूस वेचत नाही, आणि त्याचे आम्हा कोणाला वाईट वाटत नाही.

परंतु दुसरी बाजूही सांगते. दिवाळी ते संक्रांत हा वेचणीचा पैसा बाईच्या स्वतःच्या हातात येणारा वर्षातील एकमेव मोठा पैसा होता. आमच्या शाळेची पुस्तके, धाकटीचे कानातले, भिशीचा हप्ता हे सगळे त्यातून झाले. सोयाबीनची सोंगणी आठ-दहा दिवसांत उरकते आणि ती ठोक्याने पुरुषांच्या टोळ्या घेतात किंवा थेट हार्वेस्टर येतो. नऊ एकरांची कपाशी तीन एकरांवर आली, तेव्हा त्या सहा एकरांत वेचणाऱ्या बायांचे पुढे काय झाले, याची नोंद दादांच्या वहीत आहे का?

ठोकेकरी

माझे थोडक्यात. मी स्वतःची दोन एकर आणि नोकरीनिमित्त यवतमाळला राहणाऱ्या एका गृहस्थांची सात एकर जमीन ठोक्याने करतो. ठोक्याची रक्कम पाडव्याला आगाऊ द्यावी लागते. सोयाबीनचे पैसे दिवाळीला हाती येतात आणि उधारी फिटते. कपाशीचे पैसे तुकड्या-तुकड्यांनी येतात आणि तोपर्यंत व्याज चालू राहते. त्यातून यंदा सीसीआयला विकण्यासाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी, नोंदणीला सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद हवी, आणि सातबारा मालकाच्या नावावर आहे. म्हणजे कष्ट मी करावेत आणि हमीभाव मिळवण्यासाठी मालकाची विनवणीही मीच करावी. मागच्या वर्षी त्या सात एकरांत चार एकर कपाशी होती, यंदा एकही नाही. जमीनमालक गावात राहत नाही आणि करणारा दुसराच असतो, अशी शेते आमच्या शिवारात दरवर्षी वाढत आहेत. त्या शेतांतून कपाशी सर्वांत आधी जाते, कारण ती रोज बांधावर जाणाऱ्याचे पीक आहे.

तापीखोरे

किडींचा_माग, राग मुळीच नाही. मे महिन्यातील लागवड मी तीन वर्षांपूर्वीच थांबवली. हे केवळ आपल्याकडचे नाही, एवढेच नोंदवतो. पंजाबात २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने आणि २०२१ मध्ये गुलाबी अळीने कपाशी खाल्ली. २०२४ मध्ये तिथे कपाशी जेमतेम एक लाख हेक्टरवर उरली होती आणि तिची जागा मुख्यतः भाताने घेतली. सौराष्ट्रात ती भुईमुगाने घेतली. देशाचा पेरा २०२३-२४ मध्ये सव्वाशे लाख हेक्टरांच्या थोडा वर होता, तो पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक हेक्टरांनी उतरला. प्रत्येक ठिकाणी जागा घेणारे पीक वेगळे आहे, पण त्यांतील एकही पीक हाताने, चार-चार वेळा वेचावे लागत नाही.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नाही. घरी विचारले, तेव्हा आईने सांगितले की पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या अकरा बायांपैकी दोघी आता शहरात धुणीभांडी करतात, तिघी-चौघी हळदीच्या कामाला हिंगोलीकडे जातात आणि बाकीच्यांना वय झाल्याने काम होत नाही. पहिल्या वेचणीआधी रानात सीतादहीची पूजा करून त्यांना जेवू घालण्याची पद्धत आमच्याकडे होती. कपाशी कमी झाली तशी तीही तीन वर्षांपासून राहून गेली आहे, आणि ती केव्हा बंद पडली हे मला आज विचारल्यावर आठवले.

खडकाळ_रान, सोयाबीनचा हिशेब मागितलात तो देतो. यंदा एकरी साडेपाच क्विंटल झाले, ४,२०० रुपयांनी गेले, म्हणजे २३,१०० रुपये आले. सोंगणी आणि मळणीला एकरी ५,२०० रुपये लागले, बियाणे-खत-फवारणीला ८,००० रुपये. उरले ९,९००. त्याच खरिपातील कपाशी एकरी सहा क्विंटल आली तर ७,००० रुपयांनी ४२,००० रुपये होतात, वेचणीचे ७,२०० आणि बाकीचा खर्च १९,००० रुपये जाऊन १५,८०० रुपये उरतात. नुसते पाहिले तर कपाशीच सरस आहे. हरभऱ्याचे एकरी आठ-नऊ हजार रुपये मिळवले की ती थोडी मागे पडते, आणि ज्या वर्षी बोंडअळीमुळे सहाऐवजी साडेतीन क्विंटल येते त्या वर्षी ती घरात जवळजवळ काहीच आणत नाही. आपल्या मुरमात हरभरा होत नाही, तेव्हा आपण कपाशी ठेवता हे योग्यच आहे. आकड्यांचा फरक मी समजत होतो त्यापेक्षा लहान निघाला, हे मान्य करतो.

येत्या खरिपात विहिरीखालील तीन एकरांतील कपाशीही काढून टाकण्याचा माझा विचार होता. आता त्यातील दीड एकरावर कमी दिवसांचे वाण ९० बाय १५ सेंटीमीटरवर दाट लावून पाहावे असे वाटते. अकोल्याकडे काही जण ही पद्धत करतात. बोंडे एकदम फुटतील, दोन वेच्यांत काम उरकेल आणि डिसेंबरच्या आत रान मोकळे होऊन त्यावर गहू घेता येईल, असा अंदाज आहे. काळ्या रानात झाड फार वाढून दाटी होते आणि खालची बोंडे सडतात असेही ऐकले आहे. कोणी भारी जमिनीत, पाण्याखाली हे केले असल्यास वाढ कशी रोखली आणि बियाण्याची किती पाकिटे लागली ते कृपया लिहावे. ९०१ रुपयांची पाच-सहा पाकिटे एकराला लागणार असतील, तर मला पुन्हा वही उघडावी लागेल.

किडींचा_माग

पाच-सहा लागतातच, त्यामुळे वही उघडून ठेवा. वाढ रोखण्याची फवारणी पात्या लागताना एकदा आणि पुढे गरजेनुसार करावी लागते, आणि भारी रानात ती चुकली तर आपण ऐकले आहे तेच होते. प्रथम दीड एकराऐवजी वीस गुंठ्यांवर करून पाहा. फोटो याच धाग्यावर टाका.